२४ मार्चची रात्र सोडा, ३० जानेवारीपासून बोला

घाटमाथा :

"लॉकडाऊन बरोबर की चूक" ही कुस्ती शेजारच्या धाग्यावर परत रंगली आहे. प्रतिसादांचा पाऊस पडतोय, पण तारखांना हात लावायला कोणी तयार नाही. म्हणून हा वेगळा धागा. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात देश बंद करण्यावाचून सरकारच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्या निर्णयावर मी भांडणार नाही. त्याआधीचे चोपन्न दिवस कसे गेले आणि बंद करताना नक्की कोण डोळ्यासमोर होतं, यावर मात्र भांडेन.

सुरुवात चांगली झाली होती. ३० जानेवारीला वुहानहून परतलेली विद्यार्थिनी केरळात त्रिशूरला कोरोना पॉझिटिव्ह आली, नमुना तपासला होता पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था). त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी केंद्राने पीपीई (संरक्षक पोशाख वगैरे) आणि मास्कची निर्यात बंद केली. १ आणि २ फेब्रुवारीला एअर इंडियाची दोन विमानं वुहानहून ६४७ भारतीयांना घेऊन आली, त्यांना मानेसर आणि छावलाच्या छावण्यांत ठेवलं. काम चोख. नाव ठेवायला जागा नाही.

मग गाडी कुठेतरी सायडिंगला लागली. ८ फेब्रुवारीला सर्जिकल मास्क आणि हातमोजे निर्यातबंदीतून वगळले. २५ फेब्रुवारीला आणखी काही वस्तू मोकळ्या केल्या. १९ मार्चला मास्क, त्यांचा कच्चा माल आणि व्हेंटिलेटर यांवर पुन्हा बंदी. मधल्या काळात इटलीतली हॉस्पिटलं भरत होती, तरीही.

विमानतळांचंही तेच. आधी चीन-हाँगकाँग, मग थायलंड-सिंगापूर, असं करत करत ठराविक देशांहून येणाऱ्यांचीच तपासणी. सगळ्या परदेशी विमानांसाठी ती लागू झाली ४ मार्चला. पुण्यातलं पहिलं जोडपं दुबईहून १ मार्चला मुंबईत उतरलं आणि टॅक्सीने पुण्याला आलं. ९ मार्चला दोघं पॉझिटिव्ह, पाठोपाठ मुलगी आणि टॅक्सीचालक. दुबई तेव्हा यादीत नव्हतीच. आणि असती तरी कपाळावर धरलेल्या थर्मल गनला अंगात ताप नसलेला माणूस सापडत नाही.

११ मार्चला महासाथ जाहीर झाली. १३ मार्चला आरोग्य मंत्रालयाचे अधिकारी पत्रकार परिषदेत सांगत होते की ही आरोग्य आणीबाणी नाही, घाबरू नका. १९ ला पंतप्रधानांचं भाषण, २२ ला जनता कर्फ्यू, २४ ला रात्री आठला दुसरं भाषण आणि बारापासून एकवीस दिवस सगळं बंद.

आता गृहमंत्रालयाचा २४ मार्चचा आदेश काढून वाचा. रेशन दुकानं, बँका, एटीएम, पेट्रोलपंप चालू. अंत्यविधीला २० माणसं. १५ फेब्रुवारीनंतर परदेशातून आलेल्यांनी घरातच थांबायचं. पर्यटकांना उतरवून घेतलेली हॉटेलं आणि लॉज चालू ठेवायला परवानगी. इतका बारीक विचार केलाय! पण परगावात रोजंदारीवर असलेला, कामाच्याच जागेवर झोपणारा मजूर त्या आदेशात कुठेही नाही. तो सरकारी कागदावर ठळकपणे आला २९ मार्चच्या आदेशात: घरमालकांनी महिनाभर भाडं मागू नये, मालकांनी पगार कापू नये, जिल्ह्यांनी निवारे उघडावेत. का आला? कारण २८ तारखेला दिल्लीच्या आनंद विहारला हजारोंची गर्दी सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली होती.


रोखठोक७ :

मागून शहाणपण सगळ्यांना सुचतं. ३० जानेवारीला आणीबाणी जाहीर करताना त्याच जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासावर निर्बंध घालायची शिफारस केलेली नव्हती, हे सोयीस्कर विसरताय. इटलीने अख्खा देश बंद केला तेव्हा तिथे नऊ हजारांवर रुग्ण होते. आपण पाचशेच्या आसपास असताना केला. १३० कोटींचा देश, जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीयूची बोंब, व्हेंटिलेटर मोजके. वेळ विकत घेतला आणि त्या वेळात कोविड केंद्रं उभी राहिली. पीपीई जवळपास बनतच नव्हते, ते मे महिन्यात दिवसाला लाखांनी बनायला लागले. हे कोणी लिहायचं?

आदेशात मजूर नाही म्हणता, तर त्याच कलमात "लॉकडाऊनमुळे अडकलेल्या व्यक्ती" असाही उल्लेख आहे. अर्धंच वाचलंत का?


घाटमाथा :

पूर्ण वाचलंय साहेब. तो उल्लेख हॉटेल, होमस्टे, लॉज आणि मोटेलच्या कलमात आहे. भिवंडीच्या लूमवरचा कामगार मोटेलमध्ये उतरतो का, एवढंच सांगा.


मोरपंखी :

वाचतेय. कृपया या धाग्यावर तरी थाळ्या वाजवल्या की नाही यावर घसरू नका.


पिपेट :

"पाचशे असताना बंद केलं" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. पाचशे सापडले होते. असणारे किती, ते कळायला तपासण्या लागतात. २४ मार्चपर्यंत देशभरात मिळून जेमतेम बावीस हजार नमुने तपासले गेले होते. पाच कोटींच्या दक्षिण कोरियाने तोवर तीन लाखांचा टप्पा ओलांडला होता.

मी तेव्हा एका मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये होते. निकष असा होता की लक्षणं हवीत, आणि परदेशप्रवास हवा किंवा पॉझिटिव्ह माणसाशी संपर्क हवा. न्यूमोनिया होऊन ऑक्सिजनवर असलेला पेशंट, पण पासपोर्टच नाही, मग टेस्ट नाही. श्वसनाच्या गंभीर आजाराने दाखल झालेल्या प्रत्येकाची तपासणी करा, असं आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) २० मार्चला सांगितलं. तोपर्यंत रोज संध्याकाळी "समूह संसर्ग नाही" हे ऐकायचं. ज्यांच्यात दिसला असता त्यांची तपासणीच होत नव्हती, मग दिसणार कुठून?

लॅबमध्ये लोकांना वाटतं तशी पीसीआर मशीनची अडचण नव्हती. अडकायचं ते नमुन्यातून आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) वेगळं काढायच्या किटपाशी आणि नमुना ज्या द्रवात घालून आणतात त्या व्हीटीएमपाशी. थंड डबा उघडावा तर एखाद्या नळीचं झाकण नीट बसलेलं नसायचं आणि व्हीटीएम गळून सगळ्या फॉर्मांचा लगदा झालेला. शाई पसरलेली, फोन नंबर नऊ आकडी. पेशंट शोधायचा कसा? मग तालुक्याला फोन लावत बसायचं. रात्री दोनला. मार्चच्या मध्यावर सगळ्या देशात मिळून पन्नासच्या आसपास सरकारी लॅब हे काम करत होत्या. खाजगी लॅबना साडेचार हजारांच्या कमाल दराने परवानगी मिळाली २१ मार्चला, आणि पुण्याच्या मायलॅबच्या किटला मंजुरी त्यानंतर दोन-तीन दिवसांत. ही परवानगी फेब्रुवारीत देता आली असती. तिला पैसा लागत नव्हता, सही लागत होती.


रोखठोक७ :

पिपेटताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहेच. पण किट जगात कुठेच मिळत नव्हते ना? मग निकष सैल करून उपयोग काय? आहे तेवढं जपूनच वापरणार.


पिपेट :

जपून वापरा, कोण नाही म्हणतंय. पण जपून वापरतोय असं सांगा. "संसर्ग नाही" आणि "आम्ही पाहिलं नाही" यांत फरक आहे. खालच्या दवाखान्यातला डॉक्टर त्या पहिल्या वाक्यावर विसंबून मास्कशिवाय पेशंट तपासत होता.

घाईघाईत काय होतं त्याचाही नमुना त्याच काळातला आहे. एप्रिलमध्ये चीनहून रॅपिड अँटिबॉडी किट आले, राज्यांना वाटले, निकाल वाट्टेल तसे यायला लागले आणि २७ एप्रिलला आयसीएमआरने ते वापरू नका, परत पाठवा म्हणून कळवलं.


ऑकलंडकर :

इथे न्यूझीलंडमध्ये पहिला रुग्ण २८ फेब्रुवारीला, म्हणजे भारतापेक्षा महिनाभर उशिरा. १७ मार्चलाच वेतन अनुदानाची योजना जाहीर झाली. पूर्णवेळ कामगारामागे आठवड्याला ५८५.८० डॉलर, मालकाच्या हातात, पगार चालू ठेवण्यासाठी. २१ ला पंतप्रधान आर्डर्न यांनी चार पातळ्यांचा तक्ता समजावून सांगितला: कुठल्या पातळीला काय चालू, काय बंद. २३ ला सांगितलं की आत्तापासून तिसरी आणि ४८ तासांनी चौथी. लोक त्या दोन दिवसांत आपापल्या घरी पोचले. म्हणजे आधी पैसे, मग नियम, शेवटी कुलूप. भारतात कुलूप २४ ला आणि मदतीचं पॅकेज २६ ला.


रोखठोक७ :

ऑकलंडकर, तुमचा अख्खा देश ५० लाखांचा. आमच्याकडे पिंपरी-चिंचवड धरलं तर पुण्यातच मावतो आणि वर पार्किंगलाही जागा उरते. तुलना करायची तर निदान वजनी गटातला गडी आणा.

४८ तास दिले असते तर काय झालं असतं ते मी सांगतो. एलटीटी (मुंबईचं लोकमान्य टिळक टर्मिनस), कल्याण, पुणे, सुरत, सगळीकडे लाखोंची चेंगराचेंगरी, आणि तो विषाणू आठवड्याच्या आत बिहार-यूपीच्या गावागावांत. तिथे ना दवाखाना ना ऑक्सिजन. चार तासांवरून बोंब मारणाऱ्या कोणीही याचं उत्तर आजवर दिलेलं नाही.


मोरपंखी :

हा मुद्दा खरंच विचार करण्यासारखा आहे. घाटमाथा, याला बगल देऊ नका.


घाटमाथा :

देत नाही. उलट याच मुद्द्यासाठी धागा काढलाय.

ती गर्दी "झाली असती" नव्हे, होऊन गेली होती. राज्य सरकारने २० मार्चला मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपुरातली कामाची ठिकाणं बंद करायला लावली आणि त्याच रात्रीपासून एलटीटी आणि पुणे स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवसांचे पेपर काढा, फोटोंसकट आहे. २१ मार्चला रेल्वेनेच सांगितलं की मुंबईहून जबलपूरला गेलेल्या गोदान एक्स्प्रेसमधले चार प्रवासी पॉझिटिव्ह निघाले, लोकांनी प्रवास टाळावा. आणि २२ मार्चला सगळ्या प्रवासी गाड्या बंद.

म्हणजे काम बंद झालं की हे लोक गावाकडे निघतात, हे केंद्राला २१ तारखेला दिसलं होतं. गाड्या बंद करण्याचा निर्णय याच माहितीवर झाला. ठीक, तोही मान्य करू. पण मग ज्यांना आपण जाणूनबुजून इथेच थांबवतोय ते उद्यापासून खाणार काय, हा पुढचा प्रश्न त्याच टेबलावर यायला हवा होता. थांबवायचं तर पोटाची सोय करून थांबवा, नाहीतर सोडताना शिस्तीने सोडा. यातलं काहीच ठरलेलं नव्हतं, म्हणून माणसं नाशिक हायवेने चालत निघाली.

धान्य नव्हतं असंही नाही. अन्न महामंडळाच्या गोदामांत बफरच्या (राखीव साठ्याच्या) गरजेच्या दुपटीहून जास्त साठा पडून होता. २६ मार्चच्या पॅकेजमध्ये माणशी पाच किलो मोफत धान्य जाहीर झालं, ८० कोटी लोकांसाठी. योजना मोठीच होती, तिने लोक जगले. पण ती रेशनकार्डावर. कार्ड गावाला, माणूस भिवंडीला. कार्ड नसलेल्या परप्रांतीय मजुरांना पाच किलो धान्य द्यायची घोषणा झाली १४ मे ला. २४ मार्च ते १४ मे मोजा.


संपादक मंडळ :

तबलिगी जमातीवरून सुरू झालेले दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धाग्याचा विषय सरकारी निर्णय हा आहे. पुन्हा तसं दिसल्यास धागा वाचनमात्र होईल.


निवृत्त_कारकून :

मी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तहसील कार्यालयात होतो. पुरवठा शाखा. त्यामुळे घाटमाथा जे कागदावरून सांगताहेत ते दुसऱ्या टोकाकडून सांगतो.

२४ च्या रात्री भाषण संपलं तेव्हा आमच्या हातात कुठलाही आदेश नव्हता. राज्याची संचारबंदी आदल्या दिवशीच लागलेली होती, त्यामुळे आम्हाला वाटलं तेच पुढे चालू. अर्ध्या तासात फोन सुरू. किराणा मिळणार का, दूधगाडी जाणार का, मुलगी पुण्याला अडकली आहे, पास कोण देणार? पास कोण देणार हे आम्हालाच माहीत नव्हतं. पहिले तीन-चार दिवस पोलीस ठाणं आमच्याकडे बोट दाखवायचं आणि आम्ही प्रांत ऑफिसकडे.

परप्रांतीय राहू द्या, आपल्याच माणसांचं सांगतो. कारखान्यांवर बीड, नगरकडचे ऊसतोड कामगार होते. राज्यातल्या राज्यात लाखाच्या वर माणूस अडकलं. हंगाम संपत आलेला, कोपी (त्यांच्या झोपड्या) उन्हात, गाव बंद, जिल्ह्याची हद्द बंद. निवारे काढा असं वरून आलं. काढले. शाळा घेतल्या, कारखान्यांनी धान्य दिलं. यादी करायला गेलो तेव्हा एका मुकादमाने विचारलं, "साहेब, माणसांचं लिहिलं, बैलांचं कुठं लिहिणार?" नमुन्यात बैलाचा रकानाच नव्हता. बैलाला रोज चारा-पाणी लागतं आणि तो शाळेच्या खोलीत राहत नाही. बैल सोडून माणूस शाळेत येईना, आणि माणूस येत नाही म्हणून आमच्यावर ताशेरे. शेवटी चाऱ्यासाठी वाढे (उसाचे शेंडे) गोळा करून कोपीवरच शिधा पोचता केला आणि कागदोपत्री निवारा दाखवला. कामगारांना गावी परतायची परवानगी राज्याने १७ एप्रिलला दिली. तपासणी करून, गाड्यांचे नंबर लिहून, अगदी व्यवस्थित गेले. म्हणजे व्यवस्थित नेता येत होतं.

रेशनचं म्हणाल तर एप्रिलचं नेहमीचं धान्य वेगळं, मोफतचा तांदूळ वेगळा, दोन वेळा रांग. एक किलो डाळ जाहीर झालेली, ती बरीच मागाहून आली. तोवर लोक दुकानदाराला चोर म्हणून मोकळे. जाहीर करणारा दिल्लीत, शिव्या खाणारा गल्लीत.


मोरपंखी :

कारकून काका, यावर वेगळा लेखच लिहा की!

अवांतर : १३ मार्चला महाराष्ट्राने जो साथरोग कायदा लावला तो १८९७ चा. १८९६ ला मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि त्या साथीसाठी इंग्रजांनी घाईने केलेला हा कायदा, मूळचा चार कलमांचा. पुण्यात रँडच्या काळात त्या अधिकारांचं काय झालं ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्यात सरकारला काय करता येईल ते आहे, लोकांना काय मिळालं पाहिजे त्याबद्दल अवाक्षर नाही. केंद्राने देश बंद केला तो मात्र २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने, कारण जुन्या कायद्यात मुख्य अधिकार राज्यांचे.


गावठाण_डॉक्टर :

१ मे ला श्रमिक गाड्या सुरू झाल्या, तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडच्या हटियाला पहिली. आमच्याकडे औद्योगिक पट्टा, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी दवाखान्यासमोर ही रांग. गाडीसाठी डॉक्टरचा दाखला हवा होता.

दाखल्यात काय? ताप नाही, खोकला नाही, इन्फ्लुएन्झासारखी लक्षणं नाहीत. थर्मामीटर लावायचा आणि सही करायची. संसर्ग झालाय की नाही हे त्यावरून कळत नाही, हे मला माहीत, आरोग्य खात्यालाही माहीत. पण दाखला मिळवायला पाचशे माणसं एकाला एक चिकटून तासन् तास उभी. संसर्ग पसरवायची याहून सोपी तजवीज मला सांगता येणार नाही. काही ठिकाणी या कागदाचे पैसेही उकळले गेले. पुढे ती अट काढली.

तिकिटाचे पैसे कोणी द्यायचे, केंद्राने, राज्याने की मजुराने, यावर महिनाभर भांडण. मजुरांकडून भाडं घेऊ नका असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २८ मे ला. माझ्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना गाडी कधी, कुठून, यादीत नाव आहे की नाही, यातलं काही माहीत नसायचं. ८ मे ला पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ जण गेले ते जालन्याहून भुसावळकडे चालत निघाले होते, पुढे गाडी मिळेल या आशेने. गाड्या सुरू होऊन तेव्हा आठवडा झाला होता.


रोखठोक७ :

करमाडबद्दल काही बोलत नाही. बोलण्यासारखं नाहीच.

बाकी दाखला, तिकीट, यादी या गोष्टींत राज्यांचाही तेवढाच हात आहे, हे लिहा. आरोग्य हा राज्यांचा विषय. केरळने २०१८ च्या निपाहनंतर तयारी ठेवली होती, १९ मार्चलाच २० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मग महाराष्ट्राने का नाही केलं? मुंबईतून निघालेला मजूर केंद्राचा नव्हता, इथल्या बिल्डरचा आणि इथल्या कारखानदाराचा होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन बंद केले.


घाटमाथा :

मान्य. महाराष्ट्राने शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना केली, पण केंद्रांची संख्या आणि गरज यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. आणि बिल्डरांबद्दल तर शंभर टक्के.

फक्त एक. आपत्ती व्यवस्थापन कायदा लावल्यावर राज्यांना केंद्राच्या नियमांत ढील द्यायची मुभा नव्हती, कडक करायची होती. आंतरराज्य रेल्वे केंद्राची, अन्न महामंडळाची गोदामं केंद्राची. ३१ मार्चला सर्वोच्च न्यायालयात "सकाळी ११ वाजता रस्त्यावर कोणीही नाही" असं सांगितलं तेही केंद्रानेच. त्यानंतर दीड महिना लोक चालतच होते.

तुम्ही काय केलं असतं, असं आता कोणीतरी विचारणार, म्हणून सांगून ठेवतो. २२ तारखेला गाड्या बंद करतानाच त्या गोदामांतलं धान्य कार्ड न बघता, आधारवर किंवा नुसत्या नावावर, औद्योगिक पट्ट्यांतल्या रेशन दुकानांत पाठवायचं. १४ मे ला जे केलं तेच. नवीन काहीही नाही.


निवृत्त_कारकून :

नुसत्या नावावर म्हणता, पण नावं कुठे होती?

तेव्हा १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता. कंत्राटदाराने नोंदवही ठेवायची, गावाला जाण्यायेण्याचा प्रवासभत्ता द्यायचा, सगळं त्यात लिहिलेलं होतं. केंद्राच्या मुख्य कामगार आयुक्तांनी ८ एप्रिलला, म्हणजे लॉकडाऊन लागून दोन आठवडे झाल्यावर, अडकलेल्या मजुरांची मोजदाद तीन दिवसांत करा असं आपल्या विभागीय कार्यालयांना कळवलं. ज्या वह्या चाळीस वर्षं कोणी तपासल्या नाहीत त्यांची बेरीज तीन दिवसांत. आमच्याकडेही त्याच सुमारास यादी मागितली गेली. तालुक्यात वीटभट्ट्या पुष्कळ, नोंदवही एकाही भट्टीवर मिळाली नाही. आम्ही कोतवालाला सायकलवर पाठवून डोकी मोजली. सप्टेंबरात संसदेत कामगार मंत्रालयाने उत्तर दिलं की सुमारे १ कोटी ४ लाख मजूर आपापल्या राज्यांत परतले, आणि वाटेत किती मेले याची माहिती मात्र नाही.


रोखठोक७ :

१९७९ च्या कायद्याचं पटलं. ते पाप आधीच्या सगळ्या सरकारांचं, हेही लिहा. चार तासांचं अजूनही पटलेलं नाही. गोदान एक्स्प्रेसमधल्या चौघांवरून गाड्या बंद केल्या ते बरोबरच होतं.


पिपेट :

ते चौघे दुबईहून आलेले होते. विमानातून उतरले, मुंबईत गाडीत बसले. घाटमाथांनी वर पुण्याचं सांगितलंय तोच रस्ता, त्याच महिन्यात, दुसऱ्यांदा.